जुनी अकरावी, पुन्हा पंगतीला

महाराष्ट्रातील जुन्या निवासी शाळांत आणि वसतिगृहांत, ज्यांना खेड्यापाड्यांत सरसकट ‘बोर्डिंग’ म्हटले जाते, सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरणे ही आता नित्याची गोष्ट झाली आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत, मुले घरी गेल्यामुळे खोल्या मोकळ्या असताना, ही मंडळी पुण्या-मुंबईहून, आसपासच्या तालुक्यांतून, क्वचित परदेशातूनही येतात, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या जेवणापर्यंत एकत्र राहतात, आणि गुडघे कुरकुरत असतानाही एखादी रात्र त्याच जुन्या खोलीत सतरंजीवर काढण्याचा हट्ट धरतात. पाहणाऱ्याला हा म्हातारपणचा निरुपद्रवी हौसेचा प्रकार वाटतो. परंतु अशा मेळाव्यात लोक कशासाठी जमतात, काय आठवतात आणि कोणाला विसरतात हे पुष्कळसे त्या बोर्डिंगच्या घडणीवरून ठरत असते; आणि ही घडण समजून घ्यायची तर वर्गखोलीच्या आधी तेथील स्वयंपाकघराचा इतिहास पाहणे सोयीचे ठरते.

भारतातील निवासी शाळांची ढोबळमानाने दोन कुळे सांगता येतात. पहिले कुळ इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, नाव सार्वजनिक असले तरी प्रत्यक्षात श्रीमंतांच्या असलेल्या शाळांचे. राजकोटचे राजकुमार कॉलेज (१८७०), अजमेरचे मेयो कॉलेज (१८७५), ग्वाल्हेरची पुढे सिंदिया स्कूल म्हणून प्रसिद्ध झालेली सरदारपुत्रांची शाळा (१८९७) आणि देहरादूनचे दून स्कूल (१९३५) ही त्या कुळातील ठळक नावे होत. पाचगणीच्या पठाराखालील जुन्या इंग्रजी शाळाही याच परंपरेतल्या. संस्थानिकांची आणि पुढे उच्चभ्रूंची मुले राज्यकारभारासाठी घडवणे हा या शाळांचा हेतू असल्याने माजी विद्यार्थ्यांची संघटना ही तेथे जणू शाळेचाच एक विभाग असते, तिचा टाय असतो, वार्षिक भोजन असते आणि तिच्या ओळखी नोकरी-व्यवसायात उपयोगी पडतील असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. या शाळांतील स्नेहसंमेलनांविषयी इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे, त्यामुळे येथे त्यांचा विस्तार नको. महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते दुसरे कुळ, जे गरिबीतून आणि जातिव्यवस्थेशी झालेल्या झगड्यातून जन्माला आले.

या दुसऱ्या कुळाचा उगम कोल्हापूरला आहे. शिकू इच्छिणाऱ्या खेड्यातील मुलाची पहिली अडचण फीची नसून शहरात राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे ही आहे, हे राजर्षी शाहू महाराजांनी नेमके ओळखले होते. ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी वेगळ्या घरी जेवून, शिक्षण पुरे करता येत असे; मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान किंवा अस्पृश्य मुलाला असे दार उघडणारे घर शहरात नव्हते. सर्वांसाठी एकत्र वसतिगृह काढण्याच्या प्रयत्नात बहुजन समाजातील मुले टिकत नाहीत हे दिसल्यावर महाराजांनी निरनिराळ्या समाजांची स्वतंत्र वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग निघाले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीच्या नावाने मिस क्लार्क वसतिगृह उघडले, आणि अशा एकामागून एक संस्था निघत गेल्याने कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ असे नाव पडले. जातवार वसतिगृहे काढणे आजच्या वाचकाला खटकेल. परंतु त्या काळी एका पंक्तीला बसण्याच्या प्रश्नावर अडून राहिले असते तर एक संपूर्ण पिढी शिक्षणाला मुकली असती, आणि महाराजांनी तो प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवून मुलांना शहरात आणले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

तो बाजूला ठेवलेला प्रश्न ज्याने पुढे हाती घेतला तो विद्यार्थी याच वसतिगृहांपैकी एकात राहत होता. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्याच्या खटपटीत ते सहभागी झाले, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ मध्ये संस्थेचे बिऱ्हाड साताऱ्याला हलवून तेथे वसतिगृह सुरू केले, ज्यात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व मुलांचा स्वयंपाक एका चुलीवर होत असे आणि सर्वांची पंगतही एकच बसत असे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. कोल्हापूरच्या अनेक स्वयंपाकघरांपासून साताऱ्याच्या एका स्वयंपाकघरापर्यंतचे हे अंतर नकाशावर थोडे असले तरी सामाजिक दृष्ट्या फार मोठे होते, आणि मेळाव्यांना येणारे वृद्ध ज्या गोष्टीबद्दल सर्वाधिक बोलतात तिचे मूळ या अंतरात आहे.

ते स्वयंपाकघर चालत कसे असे, हेही सांगितले पाहिजे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी सुरुवातीच्या वर्षांत स्वतः रांधून मुलांना वाढले, आणि धान्य संपल्यावर अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मोडून मुलांचे जेवण चालू ठेवले. १९३० मध्ये त्या वारल्या तेव्हा संस्थेचा पुढील विस्तार व्हायचाच होता. खेड्यांतील बायाबापड्यांनी रोजच्या दळणातून मूठभर धान्य वेगळे काढून ठेवायचे आणि ते गोळा करून बोर्डिंगला पोहोचवायचे, या मुष्टिफंडाच्या पद्धतीवर अनेक वसतिगृहे तगली. मुले शेतात राबत, खडी फोडत, बांधकामाला दगड-माती वाहत, पाणी भरत आणि पाळीपाळीने स्वयंपाकाला लागत. ‘कमवा आणि शिका’ या नावाने ही पद्धत पुढे सर्वत्र माहीत झाली. १९४० मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या मोफत आणि निवासी अशा महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये व पुढे १९४७ च्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयातही तिचा अवलंब झाला. याच वातावरणात लहानाचे मोठे झालेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तथापि अशा नामवंतांच्या यादीपेक्षा त्या बोर्डिंगांतून बाहेर पडून प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, साखर कारखान्यातील कारकून, एसटीतील वाहक आणि सैन्यातील सुभेदार झालेल्या शेकडो मुलांचा हिशेब अधिक बोलका आहे, कारण मेळाव्यांना गर्दी होते ती मुख्यतः त्यांचीच.

आज पंचाहत्तर ते ऐंशी वर्षांचे असलेले विद्यार्थी साधारणपणे १९५५ ते १९६५ या काळात बोर्डिंगमध्ये होते. त्यांची शालान्त परीक्षा अकरावीची. १९७५ च्या सुमारास दहावी-बारावीची नवी रचना आल्यावर ती इतिहासजमा झाली आणि तेव्हापासून ही मंडळी आपली ओळख ‘जुनी अकरावी’ अशी करून देतात, ज्यात आताच्या दहावीहून आपली परीक्षा अवघड होती हा दावा न बोलता अंतर्भूत असतो. त्यांनी घरून आणलेले सामान म्हणजे पत्र्याची ट्रंक, सुतळीने आवळलेली वळकटी, एक ताट आणि एक तांब्या. ट्रंकेला कुलूप असे, पण किल्ली जानव्यात किंवा करगोट्यात अडकवलेली असल्याने आत शेंगदाण्याचा लाडू आहे की नाही हे कोणापासून लपत नसे. ज्या वसतिगृहांत भोजनाची सोय नव्हती तेथील मुलांचा डबा गावाहून एसटीने येत असे. १९४८ मध्ये सुरू झालेल्या एसटीने ग्रामीण शिक्षणाला केलेली ही मदत तिच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते.

मेळाव्याचा कार्यक्रम वरवर पाहता ठरीव साच्याचा असतो. नावनोंदणी, चहा-पोहे, दिवंगत सहाध्यायांना आणि गुरुजनांना श्रद्धांजली, हयात असलेल्या एखाद-दुसऱ्या शिक्षकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग प्रत्येकाने दोन मिनिटांत स्वतःची माहिती सांगणे, जे दोन मिनिटांत कधीच आटोपत नाही. या साऱ्यात औपचारिकता टिकून असते. ती गळून पडते ती जेवणाच्या वेळी. आयोजकांनी टेबल-खुर्च्यांची व्यवस्था केलेली असते, कारण खाली बसलेला माणूस उठेल याची खात्री नसते. तरीही अनेक ठिकाणी एक पंगत जमिनीवर बसतेच. वाढपी म्हणून केटररची मुले असतात, त्यांना बाजूला सारून साठ वर्षांपूर्वी ज्याच्याकडे वाढण्याची पाळी असे तोच आमटीची बादली उचलतो, आणि बादली पुढे सरकू लागताच पंगतीतून ‘ढवळून वाढ’ असा जुना पुकारा होतो. वरचे पाणी नको, तळाची डाळ वर येऊ दे, हा त्याचा अर्थ आताच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. निवृत्त अभियंता, शेतकरी आणि माजी आमदार एकमेकांना अरे-तुरे करतात, घरी नातवंडांनाही माहीत नसलेल्या टोपणनावांनी हाका मारतात, आणि कोणाच्या भाकरीला पापुद्रा सुटत नसे, कोणी गूळ चोरला, टंचाईच्या काळात आलेल्या परदेशी तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी कशा गिळवत नसत, यांवर तावातावाने बोलतात. शिकवलेल्या विषयांची चर्चा या गप्पांत अपवादानेच येते.

गप्पांचा ओघ खाण्याकडेच का वळतो, याला काही अंशी मानसशास्त्रात उत्तर आहे. वृद्ध माणसांना स्वतःच्या आयुष्यातील प्रसंग सांगायला लावले असता साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. आठवणींचा आलेख त्या वयापाशी उंचावतो म्हणून या घटनेला स्मरणाचा उंचवटा म्हणता येईल. पहिल्यांदा घर सुटणे, पहिली परीक्षा, पहिली मैत्री अशा पहिलेपणाच्या गोष्टी याच काळात घडतात, आणि स्वतःविषयीची समजही याच काळात आकार घेते, अशी त्याची कारणे दिली जातात. मात्र हा उंचवटा शब्दांनी किंवा चित्रांनी चाळवलेल्या आठवणींचा आहे. स्वीडनमधील विलँडर आणि लार्सन या संशोधकांनी ६५ ते ८० वर्षे वयाच्या व्यक्तींवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी त्याहूनही मागच्या, म्हणजे पहिल्या दहा वर्षांतील, असण्याकडे कल दिसला. चुलीचा धूर, करपलेली भाकरी, ओल्या गोणपाटाचा दर्प या गोष्टी बोर्डिंगच्या भोजनगृहात अजून शिल्लक असतील तर तेथे पाऊल टाकताच म्हाताऱ्या माणसाचे काय होत असेल याची कल्पना त्यावरून येते. आता बहुतेक ठिकाणी गॅस आला आहे.

चेहऱ्यांची गोष्ट निराळी आहे. बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ३९२ व्यक्तींची परीक्षा घेतली होती. त्या १७ ते ७४ वर्षे वयाच्या होत्या आणि त्यांना शाळेतील सोबत्यांची नावे व छायाचित्रे ओळखायची होती. कोणत्याही आधाराविना नावे आठवून सांगण्याची क्षमता वर्षांगणिक घटत गेलेली दिसली, परंतु समोर ठेवलेला चेहरा किंवा नाव आपल्या वर्गातले आहे की नाही हे ओळखण्याची क्षमता कित्येक दशके जवळपास शाबूत राहिलेली आढळली. मेळाव्यात याचा प्रत्यय वेगळ्या रीतीने येतो. समोरचा टक्कल पडलेला गृहस्थ ओळखू येत नाही, कारण छायाचित्रातला मुलगा आणि तो यांच्यामध्ये साठ वर्षे उभी असतात. मात्र नाव उच्चारले की चेहऱ्याच्या आड तो मुलगा दिसू लागतो. म्हणून जाणत्या आयोजकांनी हजेरी घेण्याची प्रथा पाडली आहे. शाळेतल्या कोणा शिक्षकाने, तो वयाने मुलासारखा असला तरी, जुना हजेरीपट हाती धरून क्रमांक आणि नाव पुकारायचे, आणि ऐंशीच्या माणसाने उठून ‘हजर’ म्हणायचे.

ही नावे मिळतात ती शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. प्रत्येक शाळेत कायमस्वरूपी जपायच्या या जाडजूड वहीत विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिवस, वर्तणूक, शाळा सोडल्याचा दिवस आणि सोडण्याचे कारण अशा रकान्यांत एका ओळीत एक बालपण मावलेले असते. मेळाव्याला आलेली मंडळी मुख्याध्यापकांच्या परवानगीने ही वही पाहण्यासाठी रांग लावतात. तिच्यातील जन्मतारखेचा रकाना पाहिला तर कित्येकांचा जन्म १ जूनचा दिसतो, कारण जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी शालेय वर्षाला सोयीची तारीख टाकून मोकळे होत. आता या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या एका दिवशी शुभेच्छांचा पूर लोटतो आणि आपण खरे कधी जन्मलो हे कोणालाच ठाऊक नसते. शेवटचा रकाना अधिक गंभीर आहे. ‘पुढील शिक्षणासाठी’, ‘पालकांच्या अर्जावरून’, ‘सतत गैरहजर’ हे शेरे एका खाली एक लिहिलेले असतात, आणि सतत गैरहजर ठरून ज्यांचे नाव पटावरून कमी झाले त्यांना मेळाव्याचे निमंत्रण जात नाही, कारण ते कोणत्याच बॅचचे नसतात. अकरावी झालेल्यांचा आनंद पाहताना हे सहज नजरेआड होते. ज्या घरात एकाच मुलाला बोर्डिंगमध्ये ठेवणे परवडले त्या घरातला दुसरा मुलगा औताच्या मागे राहिला, याची जाणीव असलेले काहीजण भाषणात भावाचे नाव घेतात. ते मेळाव्यातील सर्वांत खरे बोलणे असते.

उतारवयातच ही ओढ का लागते, याविषयी दोन विचार सांगण्याजोगे आहेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये असे मांडले की, वृद्धांचे गतकाळात रमणे ही बुद्धी मंदावल्याची खूण नसून आयुष्य संपत आल्याच्या जाणिवेने माणूस गेलेल्या दिवसांची पुन्हा तपासणी करत असतो, जुने सल उकरून त्यांचा निवाडा लावू पाहत असतो. या प्रक्रियेला त्यांनी जीवनाचे पुनरावलोकन असे संबोधले. पुढे लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवून दिले की, उरलेला काळ थोडा आहे असे वाटू लागले की माणसे नव्या ओळखी करण्याऐवजी ज्यांच्याशी भावनेचे नाते आहे अशा मोजक्या माणसांकडे वळतात. बोर्डिंगच्या बाबतीत या दोहोंत एका स्थानिक कारणाची भर घालावी लागते. मराठी समाजात लग्न झालेल्या बाईला माहेर असते, जेथे ती चार दिवस जाऊन कोणाची सून वा आई न राहता नुसती मुलगी होऊ शकते. पुरुषाला अशी जागा नसते, कारण तो जन्मभर त्याच घरात आधी मुलगा, मग कर्ता आणि शेवटी अडगळ होऊन राहतो. ज्याने वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी घर सोडून बोर्डिंगमध्ये पाच-सात वर्षे काढली त्याच्यासाठी मात्र ते वसतिगृहच माहेर ठरते. आईवडील गेलेले, थोरले भाऊ गेलेले, कधी पत्नीही गेलेली; अशा वेळी आपण लहान होतो याचे साक्षीदार म्हणून उरतात ते पंगतीतले सोबती.

मुलींच्या वसतिगृहांचा विचार यात वेगळा करावा लागतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले आणि पुढे पुण्याला हलवलेले शारदा सदन, १८८४ मध्ये स्थापन झालेली पुण्याची हुजूरपागा शाळा आणि तिचे वसतिगृह, धोंडो केशव कर्वे यांचा हिंगण्याचा आश्रम, यांनी मुलींना घराबाहेर राहून शिकण्याची वाट करून दिली. कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई स्वतः शारदा सदनात शिकलेल्या होत्या. या परंपरेतील वृद्ध विद्यार्थिनींचा मेळावा भरवणे हे मुलग्यांच्या मेळाव्यापेक्षा किती तरी कष्टाचे काम आहे. रजिस्टरात माहेरचे नाव असते, लग्नात आडनाव बदलते, अनेक घरांत तांदळाच्या ताटात लिहून पहिले नावही बदलले जाते, आणि पत्ता तर बदलतोच. त्यामुळे साठ वर्षांपूर्वीच्या वर्गातली मुलगी शोधायची तर तिच्या गावी जाऊन भावाच्या घरी विचारणे हाच मार्ग राहतो, आणि भावाशी वाटणीवरून बोलणे बंद असेल तर तोही खुंटतो. सापडल्यावर यायला मिळेल की नाही हे सुनेच्या नोकरीवर, नातवाच्या परीक्षेवर आणि घरातल्या आजारी माणसावर अवलंबून असते. त्यामुळे अशा मेळाव्यांची संख्या कमी दिसते यावरून ओढ कमी असल्याचा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल.

साताऱ्यातच २३ जून १९६१ रोजी देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली, आणि तिच्या रूपाने वर सांगितलेली दोन्ही कुळे काही अंशी एकत्र आली. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या पुढाकाराने आखलेल्या या योजनेत सामान्य घरांतील मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएच्या, प्रवेशासाठी तयार करावयाचे होते. शिस्त आणि गणवेश पब्लिक स्कूलचे, मुले मात्र बरीचशी शेतकऱ्यांची आणि शिक्षकांची. पहिल्या तुकडीतील मुलांनी आता सत्तरी ओलांडली आहे. येथील मेळाव्यांत संचलन असते, हुतात्म्यांना मानवंदना असते, आणि सैन्यातील हुद्द्यापेक्षा शाळेतल्या ज्येष्ठतेला मान देण्याचा संकेत पाळला जातो. मुलींना मात्र सर्व सैनिकी शाळांत प्रवेश मिळू लागला तो २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून. त्यांच्या वृद्धापकाळातील मेळाव्याला अजून साठ वर्षे आहेत.

मेळाव्याला न येणाऱ्यांचीही बाजू आहे. ब्रिटनमध्ये सात-आठ वर्षांच्या कोवळ्या वयात निवासी शाळेत धाडलेल्या मुलांना पुढे प्रौढपणी जवळीक साधणे, दुःख व्यक्त करणे अवघड जाते असे दिसून आल्यावर मानसोपचारतज्ज्ञ जॉय शॅव्हेरियन यांनी या लक्षणसमूहाला ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असे नाव दिले. कॅनडात तर मूळ निवासींच्या सुमारे १,५०,००० मुलांना त्यांची भाषा आणि संस्कृती पुसून टाकण्यासाठी निवासी शाळांत कोंडण्यात आले होते. त्याची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या मेळाव्यांत वृद्ध झालेल्या त्या विद्यार्थ्यांसाठी, शाळेत कधीच साजरे न झालेले वाढदिवस म्हणून केक कापले गेले. सातारा-कोल्हापूरच्या बोर्डिंगांना हे मापदंड जसेच्या तसे लावता येत नाहीत, कारण येथे मूल दहा-बारा वर्षांचे होते, आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला आणून सोडले होते आणि घरच्यापेक्षा येथे निदान दोन वेळ जेवण नक्की होते. पण छडीचा मार, मोठ्या मुलांची दांडगाई, अंथरुणातले दबके रडणे हे येथेही होते. मेळाव्यातील भाषणांत छडीचे कौतुक फार होते. गुरुजींनी फोडून काढले म्हणून आम्ही घडलो, हे वाक्य टाळ्या घेते. ज्यांना त्या माराने शाळा सोडायला लावली ते टाळ्या वाजवायला तेथे नसतात, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातली ती अशा न आलेल्यांच्या बाजूने, हे लक्षात ठेवलेले बरे.

मेळाव्याच्या अखेरच्या सत्रात विषय निघतो देणगीचा. धान्याच्या मुठीवर वाढल्याची जाणीव या पिढीत तीव्र असल्याने पैसे सहज उभे राहतात. मतभेद होतात ते पैसे कशावर खर्च करायचे यावर. बॅचचे नाव कोरलेली प्रवेशकमान, ध्वजस्तंभाभोवतीचा कट्टा, सभागृहातील घड्याळ या गोष्टींकडे देणाऱ्यांचा ओढा असतो. शाळेची निकड बहुधा वेगळी असते. रयत शिक्षण संस्थेच्या शाखा आज सातशेहून अधिक आहेत, गावोगावी माध्यमिक शाळा पोहोचल्याने ज्या मुलासाठी शाहू बोर्डिंग निघाले त्याला शाळेसाठी घर सोडण्याचे कारण पुष्कळ ठिकाणी उरलेले नाही, आणि वसतिगृहात आता येतात ती ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची, धनगरवाड्या-पाड्यांवरची मुले, ज्यांचे आईबाप वर्षातले सहा महिने गावात नसतात. त्यांच्यासाठी लागतो तो स्वयंपाकी टिकेल इतका पगार, रात्री मुलांजवळ झोपणारा अधीक्षक, मुलींच्या बाजूला पुरेशी स्वच्छतागृहे आणि सुटीतही चालू राहणारे भोजनगृह. काही जुन्या बॅचेसनी हे ओळखून कमानीचा बेत सोडला आणि कायम ठेव ठेवून तिच्या व्याजातून दिवाळीच्या सुटीत घरी जाऊ न शकणाऱ्या मुलांच्या जेवणाचा खर्च उचलला आहे. त्यामुळे ज्या सुटीत खोल्या मोकळ्या मिळतात म्हणून मेळावे ठरत, त्या सुटीत आता खोल्या भरलेल्या असतात आणि मेळाव्याची तारीख वेगळी शोधावी लागते.